सत्तावीस नंबर

आमच्याकडे कारवड म्हणतात.
अहवालात ‘कालवड’ लिहावं लागतं,
आणि तिच्यापुढे नंबर.
सत्तावीस: तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका,
वय साडेपाच महिने,
गोंडखैरीच्या पुढे, नाल्याकाठचा गोठा,
मालक पंचफुला नेवारे.

सुया मीच भरल्या होत्या.
अर्ध्यांत जिवंत लस, अर्ध्यांत नुसतं मिठाचं पाणी.
डॉक्टरांना कळू द्यायचं नाही, मालकाला नाही,
वासराचा तर प्रश्नच नाही.
यादी माझ्या खणात.
पंचफुलाबाईंनी विचारलं,
“चांगली सुई देल्ली नं बापा हिले?”
मी हो म्हणालो
आणि कापूस दाबून धरला
गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

पुढच्या फेरीला मे लागला होता.
मी रक्त काढत होतो, त्या शिंगांशी उभ्या राहून सांगत होत्या,
पांढरी गाभडली म्हणे, सातव्या महिन्यात,
वार अडकली होती,
“म्या हातानंच ओढून काहाडली.”
आणि असंच, दोरी सोडता सोडता,
“सांजच्याले आंग तपते, पहाटे घामानं गोधडी वली.
गुडघे तं माह्ये राह्यलेच नाही.”
माझ्या फॉर्मात या गोष्टींना रकाना नव्हता.
मी नळीचं हिरवं बूच लावलं.
बर्फाची पेटी उचलली.

रक्त द्रावणावर अलगद सोडायचं असतं,
पेल्याच्या कडेनं दूध सोडावं तसं.
मग यंत्र गरगर फिरतं, थांबतं,
खाली लाल, वर पिवळसर,
मधोमध सायीइतका एक थर.
एवढ्यात असते गाईची सगळी आठवण.
वासरांच्या रक्तात गॅमा-डेल्टा पेशी पुष्कळ,
उंबऱ्यावरच्या कुत्र्यासारख्या,
ओळखपाळख नंतर, आधी भुंकणं.
वय वाढलं की त्या ओसरतात.
दुसऱ्या असतात गप्प बसून चेहरा लक्षात ठेवणाऱ्या.

शहाण्णव खाचांत त्यांना वाटून ठेवलं,
प्रत्येकीपुढे मेलेला जंतू टाकला:
पाहिलंय का याला कुठं?
विचार करायला एक रात्र.

बाहेर दुपारी सेहेचाळीस होतं,
रात्री दहालाही सेमिनरी हिल्सचा दगड
चपलेतून लागत होता.
उष्मायंत्रात सदतीस.
अख्ख्या नागपुरात त्या पेशींचंच बरं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी रंग घातला.
लसवाल्या खाचा हळदीच्या झाल्या,
मिठाच्या पाण्यावाल्या कोऱ्या राहिल्या,
एक सोडून.
सत्तावीस. सगळ्यांहून गडद.

खोटं कशाला सांगू, आधी मला आनंद झाला.
वाटलं, शिशी बदलली असणार माझ्या हातून,
चुकून का होईना,
तिला खरी सुई मिळाली.
खण उघडला. यादी पाहिली. शिशीचा क्रमांक पाहिला.
चूक नव्हती.
पाणीच होतं.

मग ती गोधडी आठवली.

“हा ठिपका आलेखातून वगळावा लागेल,”
ठवकर मॅडम म्हणाल्या.
चष्मा काढला, डोळे चोळले,
“आज कोण जातंय तिकडे?”

काटोल नाका, धूळ, गाडीच्या सीटवर बूड टेकवेना.
या वेळी नळी लाल बुचाची,
आणि ती माणसासाठी होती.
हातमोजे नेले होते दोन डबे.
दूध उकळून पिता का, मी विचारलं.
“धारोष्णच गोड लागते नं.”
मग सांगून टाकलं सगळं, कारवडीपाशी उभं राहून:
पाण्याची सुई, पिवळी खाच,
जंतू तिला आधी भेटला, आम्ही नाही.
आणि तुम्हालाही भेटला असावा.

त्या बराच वेळ तिच्या ठिपक्यावरून बोट फिरवत राहिल्या.
“मंग तवा हो काऊन म्हणलं?”

मला उत्तर सुचलं नाही.
त्यांनी बाही वर केली.
मी रक्त काढलं.
कापूस त्यांनी माझ्या हातून घेतला,
स्वतःच दाबून धरला.